भोसरीच्या शेडकडेही पाहा

2022 साली जपानला मागे टाकून भारत जगातली तिसरी मोठी वाहन बाजारपेठ झाला. अभिमान वाटावा अशीच ही गोष्ट. पण एप्रिल 2025 मध्ये चीनने दुर्मीळ मृदा चुंबकांच्या निर्यातीवर परवान्याची अट घातली आणि आपल्या कारखानदारांच्या तोंडचे पाणी पळाले. तळहातावर मावणाऱ्या या चुंबकांवाचून विजेच्या बहुतेक गाड्यांची मोटर बनत नाही.

पिंपरी, भोसरी, चाकणच्या लघुउद्योजकांना मात्र वेगळाच घोर लागला आहे. पिस्टन, गिअर, सायलेन्सरचे सुटे भाग करण्यात त्यांची हयात गेली; विजेच्या गाडीला यातले बरेचसे लागतच नाहीत. मोठ्या कंपन्या नवे मॉडेल आणतील, तगतील. दोन लेथवर संसार उभा केलेल्याने कुठे जायचे? तळेगावात जनरल मोटर्सचे उत्पादन 2020 च्या अखेरीस थांबले. तो कारखाना पुढे ह्युंदाईने घेतला, पण मधली वर्षे कामगारांना परत मिळाली नाहीत.

छोट्या शेडना नव्या यंत्रांसाठी स्वस्त कर्ज आणि तिथल्या कारागिरांना नवे प्रशिक्षण सरकारने आत्ताच द्यायला हवे.