ट्रम्पेटशिवाय शताब्दी

सी. रामचंद्र, म्हणजेच रामचंद्र नरहर चितळकर, यांची जन्मशताब्दी २०१८ मध्ये साजरी झाली. त्यानिमित्त नाशिकमध्ये झालेल्या एका मैफलीला आम्ही काही सहकारी गेलो होतो. संगीतकाराचा जन्म पुणतांब्याचा, आपल्याच गोदावरीच्या काठचा. त्यामुळे सभागृहात आपलेपणा होता. गायक तयारीचे होते. मात्र 'अलबेला'तील (१९५१) गाणी सुरू झाली आणि ध्यानात आले, की मंचावर एकही सुषिर वाद्य नाही. ट्रम्पेट, सॅक्सोफोन, क्लॅरिनेट या सर्वांचे काम एकटा कीबोर्ड उरकत होता. जाहिरातीत 'लाइव्ह' हा शब्द मात्र ठळक होता.

'चाल महत्त्वाची, वाद्ये ही सजावट', असा युक्तिवाद यावर होतो. चितळकरांच्या बाबतीत तो साफ चुकीचा आहे. 'शहनाई' (१९४७), 'अलबेला', 'आशा' (१९५७) या चित्रपटांतील त्यांच्या पाश्चात्त्य ढंगाच्या गाण्यांत जाझ बँडचा झुलता ठेका आणि गायकाच्या ओळीला वाद्यांनी दिलेले उत्तर हाच रचनेचा सांगाडा आहे. तो काढून घेतल्यावर उरतो तो गाण्याचा सारांश.

शिवाय हा सांगाडा एकट्याने उभारलेला नाही. गोव्यातील हळदोण्याचे आंतोनियो झेवियर वाझ, अर्थात मुंबईच्या जाझविश्वातले विख्यात ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट, हे चितळकरांचे सहायक होते. 'अलबेला'त ते आपल्या बँडसह पडद्यावरही दिसतात. गोव्याच्या चर्चशाळांत युरोपीय स्वरलेखन शिकलेल्या आणि मुंबईच्या हॉटेलांत जाझ वाजवणाऱ्या अशा वादकांनी हिंदी चित्रपटसंगीताचा नाद घडवला. श्रेयनामावलीत त्यांतील बहुतेकांना जागा मिळाली नाही. शताब्दीतही ती मिळू नये? त्या संध्याकाळच्या निवेदनात वाझ यांचे नाव एकदाही आले नाही.

आयोजक खर्चाचे कारण सांगतील. परंतु शाली, श्रीफळे आणि स्मृतिचिन्हे यांना पैसा पुरतो. वादक मिळत नाहीत, हेही खरे नव्हे. लग्नसराईत आपल्याच गल्ल्यांतून ट्रम्पेट आणि क्लॅरिनेट वाजवत जाणारी बँडपथके आहेत. त्यांना महिनाभर आधी तालमीला बोलवावे लागेल, इतकेच. पण वरातीत वाजणारे वाद्य सभागृहाच्या प्रतिष्ठेत बसत नाही, ही खरी अडचण आहे आणि ती कोणी बोलून दाखवत नाही.

आपण साहित्याचे अध्यापक आहोत. याच नदीच्या काठी, पैठणला, एकनाथांनी १५८४ मध्ये ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी केली, हे आपण दरवर्षी वर्गात सांगतो. कवितेतला एक शब्द बदलला तरी आपण छापणाऱ्याला धारेवर धरतो. गाण्याचा अर्धा पाठ गाळला जातो तेव्हा मात्र आपण टाळ्या वाजवतो. त्या दिवशी मीही वाजवल्या.

पुढील शताब्दीच्या वेळी भाषणे दोन कमी असावीत आणि ट्रम्पेट एक तरी असावा. निमंत्रणपत्रिकेवर संगीतकाराच्या नावाखाली त्याच्या वादकांची नावेही छापली जावीत. एवढेही जमणार नसेल, तर त्या कार्यक्रमाला आदरांजली म्हणू नये.