पेशी मोजून भागत नाही

मंगाईची जत्रा झाली आणि पाऊस लागला, की बेळगावातल्या वडगावच्या विणकर गल्ल्यांतून तापाचे पेशंट निघू लागतात. नळाला रोज पाणी नाही, म्हणून पिंपं भरून ठेवणं आलं. आणि पिंपातलं स्वच्छ, न हलणारं पाणी एडिस डासाला हवंच असतं. पेशंटला जिल्हा रुग्णालयात किंवा केएलई रुग्णालयात दाखल केलं, की घरच्यांचा एकच प्रश्न सुरू होतो: "डॉक्टर, पेशी किती झाल्या?"

या प्रश्नामागची काळजी खरी आहे, समजूत मात्र चुकीची. पेशी म्हणजे प्लेटलेट्स उतरल्या की माणूस दगावतो आणि पिशवी चढवली की वाचतो, असं आपण धरून चाललो आहोत. सिंगापूर आणि मलेशियातल्या ३७२ प्रौढ डेंग्यू रुग्णांवरचा अभ्यास २०१७ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. सगळ्यांच्या पेशी वीस हजारांपर्यंत किंवा त्याखाली आलेल्या. काहींना प्लेटलेट्स चढवल्या, काहींना नाही. रक्तस्राव टाळण्यात चढवण्याचा फायदा दिसला नाही. उलट अंगावर पित्त उठण्यासारखे त्रास चढवलेल्यांनाच जास्त झाले. पपईच्या पाल्याचंही तसंच. त्याने पेशी वाढतात असं काही छोटे अभ्यास सांगतात, पण पेशी वाढणं म्हणजे जीव वाचणं नव्हे. पाला जरूर तपासावा, पारंपरिक औषधांवर संशोधन करणारी आयसीएमआरची संस्था आपल्या बेळगावातच आहे. पाल्याच्या भरवशावर घरी दिवस मात्र काढू नयेत.

डेंग्यूत जीव जातो तो बहुतेक वेळा रक्तातलं पाणी रक्तवाहिन्यांबाहेर झिरपल्यामुळे, आणि तेही ताप उतरताना, साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान. घरचे म्हणतात, ताप गेला, आता डिस्चार्ज द्या. धोक्याचे चोवीस ते अठ्ठेचाळीस तास नेमके तेव्हाच सुरू होतात. संध्याकाळी रक्तदाब ११०/७० असतो, मध्यरात्री १००/८०. वरचा आकडा शंभर दिसला म्हणून पेंगुळलेला डॉक्टर पुढच्या खाटेकडे वळतो. पण दोन आकड्यांतलं अंतर चाळीसवरून वीसवर आलंय, हातपाय गार पडलेत, लघवी झालेली नाही: हा शॉक आहे. सलाईन कमी पडलं तर घात, जास्त झालं तर ते फुप्फुसाभोवती साचून श्वास कोंडतो. म्हणून पुन्हा पुन्हा खाटेशी जाऊन, नाडी धरून, थेंब कमीजास्त करावे लागतात. रात्री दोन वाजता हे काम करते ती चोवीस-पंचवीस वर्षांची इंटर्न किंवा निवासी डॉक्टर.

ती किती तास जागी आहे, हा म्हणून डेंग्यूचाच प्रश्न आहे.

यावर ज्येष्ठांचं ठरलेलं उत्तर असतं: "आम्हीही छत्तीस-छत्तीस तास काढले, त्यातूनच घडलो." हे मला मुळीच मान्य नाही. जे टिकले तेच हे सांगायला उरले; जे खचले, सोडून गेले, त्यांची साक्ष कोण काढणार? राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृती दलाचा अहवाल २०२४ मध्ये आला. त्याच्या पाहणीत पदव्युत्तर विद्यार्थ्यांपैकी ३१ टक्क्यांनी आत्महत्येचे विचार येऊन गेल्याचं सांगितलं, एमबीबीएसच्या १६ टक्क्यांनी. एवढ्या मुलांना 'नाजूक पिढी' म्हणून झटकणं निर्दयपणाचं आहे.

ड्युटीचे तास कमी करण्यावरचा एक आक्षेप मात्र वजनदार आहे. अमेरिकेत २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत निवासी डॉक्टरांना सलग लांब ड्युटीची मुभा दिली, तरी रुग्णांचे मृत्यू वाढले नाहीत. खरं आहे. पण त्या चाचणीत दोन्ही गटांना आठवड्याला सरासरी ८० तासांची मर्यादा होती. आपल्याकडच्या कित्येक निवासी डॉक्टरांना तेवढी मिळाली तरी दिलासा वाटेल. शिवाय २००४ च्या बोस्टनमधल्या अभ्यासात, चोवीस तासांहून लांब ड्युट्या करणाऱ्या इंटर्नकडून गंभीर चुका सुमारे ३६ टक्के जास्त झाल्या होत्या. मृत्यू वाढला नाही म्हणून चूक झालीच नाही, असं कुठला डॉक्टर म्हणेल?

तासांवर मर्यादा घालण्याची मागणी नवी नाहीच. सलग ड्युटी साधारणपणे बारा तासांपलीकडे नको, हे केंद्राच्या निवासी डॉक्टर योजनेत १९९२ मध्येच लिहिलंय. आठवड्याला ७४ तास आणि एक सुट्टी, ही कृती दलाची शिफारस आहे. ती निदान पावसाळ्यापुरती तरी तापाच्या वॉर्डात लागू करा, रिकाम्या जागा जूनच्या आत भरा. गरज नसताना दिवसातून तीनदा पेशी तपासायला रक्त काढणं थांबवा आणि तो वेळ नाडीला द्या. नातेवाइकांनीही पेशींच्या आधी विचारावं: लघवी किती झाली, रक्त घट्ट होतंय का, हातपाय गरम आहेत ना? ड्युटीचा तक्ता, प्रत्येकाच्या नावापुढे तासांसकट, वॉर्डाच्या दारावर लावा. आणि तास भरले की पुढच्या डॉक्टरने चार्ट हातात घेऊन, खाटेशी उभं राहून पेशंट ताब्यात घ्यावा, फोनवरून नव्हे.