डोंगरउतारावरचा अंजन

मनमाडहून छत्रपती संभाजीनगरकडे जाणारी आगगाडी अंकाई-टंकाईच्या किल्ल्यांजवळून जाऊ लागली, की दोन्ही अंगांना उघडेबोडके डोंगर दिसू लागतात. काळा खडक, त्यावर जेमतेम वीतभर माती आणि पावसाळा सरताच पिवळे पडणारे गवत. या उतारांवर झाडे लावावीत याविषयी कोणाचेच दुमत नाही. प्रश्न आहे तो कोणती लावावीत हा. आणि माझे मत असे, की येथे पहिला मान अंजनाला द्यावा.

महाबळेश्वर-माथेरानकडे निळ्याजांभळ्या फुलांनी बहरणारी अंजनी ती निराळी. आपला अंजन हा नाशिक जिल्ह्याच्या पूर्व भागातील आणि खानदेशातील कोरड्या डोंगरांचा रहिवासी. त्याचे पान पाहिले, की दसऱ्याच्या आपट्याची आठवण होते. मात्र आपट्याचे पान मध्ये चिरल्यासारखे असते, तर अंजनाच्या दोन पर्णिका देठाशी पुरत्या वेगळ्या असतात. त्याचे लाकूड इतके भरीव, की पाण्यात टाकले तर ते तरंगत नाही, बुडते. भारतातील अत्यंत जड व कठीण लाकडांत त्याची गणना होते. बैलगाडीच्या चाकाचा तुंबा आणि घराचे खांब यांसाठी पूर्वीचे लोक ते मुद्दाम निवडीत. सालीच्या वाखाचे दोर वळीत.

'पण अंजन वाढतो फार सावकाश,' असा आक्षेप घेतला जातो. तो खरा आहे. तथापि या सावकाशीचे कारण पाहण्यासारखे आहे. अंजनाचे रोप प्रथम वर वाढत नाही, खाली वाढते. त्याचे सोटमूळ खडकाच्या भेगा शोधीत खोल ओलीकडे जाते. वरचा कोवळा शेंडा उन्हाळ्यात पुष्कळदा वाळून जातो. पाऊस पडला, की त्याच मुळातून पुन्हा फुटतो. असे कित्येक उन्हाळे गेल्यावर मग ते रोप उंचीच्या मागे लागते. ज्या मनमाडला पिण्याच्या पाण्याची टंचाई वर्षानुवर्षे पाचवीला पुजलेली, तेथील डोंगरावर याहून शहाणपणाची दुसरी रीत कोणती?

अडचण आहे ती आपल्या मोजणीची. 1950 साली कन्हैयालाल मुनशी यांनी वनमहोत्सवाची प्रथा सुरू केली. 2019 साली महाराष्ट्राने एका पावसाळ्यात 33 कोटी रोपे लावण्याचा संकल्प सोडला. हेतू उत्तमच होता. परंतु रोपे मोजणाऱ्याला हिरवा शेंडा दिसतो, मूळ दिसत नाही. वैशाखात वाळलेले अंजनाचे रोप तो 'मेले' म्हणून लिहिणार, आणि फांदी खोवली तरी फोफावणाऱ्या, गुरे सहसा तोंड न लावणाऱ्या गिरिपुष्पाला पूर्ण गुण देणार! गिरिपुष्प वाईट नाही. शेताच्या बांधावर त्याचा पाला उत्तम खत होतो. पण डोंगर म्हणजे बांध नव्हे.

मेंढपाळाचे म्हणणे मात्र ऐकून घेतले पाहिजे. त्याला चारा आज हवा आहे, चाळीस वर्षांनी नव्हे. अंजनाचा पाला जनावरे आवडीने खातात, म्हणूनच दुष्काळात त्याच्या डहाळ्या ओरबाडल्या जातात आणि कोवळी रोपे तर जमिनीलगत खुडली जातात. सगळा डोंगर एकदम बंद करणे अन्यायाचे होईल. उताराचे भाग पाडावेत, एक भाग काही वर्षे राखावा, तेथील गवत कापून नेण्यास मोकळीक द्यावी, आणि रोपे जनावरांच्या तोंडाच्या वर गेली की पुढचा भाग राखावयास घ्यावा.

याला खर्चही फारसा नाही. अंजनाच्या चपट्या शेंगेत टोकाशी एकच बी असते आणि उरलेली शेंग पंखासारखी पातळ असते. उन्हाळ्याच्या वाऱ्यावर ती दूर जाऊन पडते. जवळपास एखादे जुने झाड उभे असेल, तर मृगाच्या सरींनंतर त्याच्याभोवती दुपानी रोपे आपोआप उगवलेली दिसतात. ती वीतभरही उंच नसतात, आणि गवताला लावलेला एक वणवा ती सारी जाळून टाकू शकतो.