माफी कशाची मागू?

राजाजीनगरच्या खोलीवर वकिलाची नोटीस आली. कंपनी तीच, टेबल तेच. करार संपल्यावर मी फक्त एजन्सी बदलली, कारण नवी सहा हजार जास्त देते. जुनी म्हणते, वर्षभर त्या कंपनीत पाय ठेवायचा नाही. आई गावाहून फोनवर रडली, "माफी माग अन् जुन्याकडंच ऱ्हा."

1872 च्या करार कायद्याचं कलम 27 असं बंधन रद्दबातल ठरवतं. श्रीरामपूरच्या झहीर खानला त्याच्या एजन्सीने असंच अडवलं, तेव्हा 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुदतीनंतरचं बंधन लागू करायला नकार दिला. मुदत चालू असताना मात्र सांभाळून. विजया बँकेचा तीन वर्षं नोकरीचा, नाहीतर दोन लाखांचा बाँड त्याच न्यायालयाने 2025 मध्ये वैध धरला. मला तो निकाल पटत नाही, पण आज कायदा तोच आहे.

एजन्सीला हे सगळं ठाऊक असतं. तिचा भरवसा कलमावर नाही, आपल्या घरातल्या भीतीवर आहे. पिढ्यान् पिढ्या आपल्याला गावकीत बांधणाऱ्या वतनाचा कायदा बदलायला बाबासाहेबांनी 1928 मध्ये मुंबई विधिमंडळात विधेयक मांडलं. आता त्यांच्या लेकरांनी एजन्सीचं वतन सांभाळायचं?

मी दोन ओळींचं उत्तर धाडलं: कलम 27 वाचा, आणि माझी मूळ डिग्री परत द्या. ती अजून त्यांच्याच कपाटात आहे.