हेरपटाचे सूर आणि त्यांचे धनी

पन्हाळ्याच्या वेढ्याची कथा जितकी शौर्याची, तितकीच टेहळणीची आणि काव्याची आहे. १६६० साली सिद्दी जौहरला चकविण्यासाठी शिवा काशिद यांनी महाराजांचे सोंग घेतले. ‘पावनखिंड’ (२०२२) चित्रपटाने तो इतिहास पडद्यावर आणला. अशा कथांत प्रेक्षकाला प्रथम खेचते ते संगीत. शीर्षकगीत ही एक प्रकारे चित्रपटाची दवंडीच होय आणि तिला बाजारात मोल असते. ते मोल कोणाच्या पदरी पडते, हा खरा प्रश्न आहे.

जेम्स बाँडची धून १९६२ च्या ‘डॉ. नो’मध्ये प्रथम वाजली. रचना माँटी नॉर्मन यांची, वाद्यमेळाची बांधणी जॉन बॅरी यांची. पुढे एका वृत्तपत्राने रचनेचे श्रेय बॅरींना दिले. नॉर्मन न्यायालयात गेले व २००१ मध्ये त्यांना ३० हजार पौंडांची भरपाई मिळाली.

आपल्या प्रताधिकार कायद्यातील २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांचा स्वामित्वधनातील वाटा सुरक्षित केला. गायक-वादकांचे हक्कही मान्य केले. परंतु ऐतिहासिक चित्रपटाला रंग चढतो तो पोवाड्याच्या चालीने आणि हलगीच्या कडकडाटाने. परंपरेने आलेल्या चालीला कायद्याच्या लेखी धनी नसतो. आणि वादकाचा वाटा करारात नोंदला नाही, तर त्याचा हक्क वसूल होणे कठीणच. मराठी चित्रपट महामंडळाचे मुख्यालय कोल्हापुरातच आहे. श्रेयनामावलीत प्रत्येक वादकाचे नाव आणि करारात त्याचा वाटा असावा, असा आग्रह त्याने धरणे अगत्याचे आहे.