सुरक्षा गुणांक ही उधळण्याची शिल्लक नव्हे

पुणे जिल्ह्यातील कुंडमळा येथे १५ जून २०२५ रोजी इंद्रायणीवरील जुना लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीखाली कोसळला आणि चौघांचा बळी गेला. पूल धोकादायक असल्याचा इशारा आधीच दिलेला होता. गोमंतकीयांना यात सावर्डेची पुनरावृत्ती दिसली असेल. १८ मे २०१७ रोजी तेथील पोर्तुगीजकालीन पादचारी पूल असाच बघ्यांच्या गर्दीने नदीत गेला. तोही वापरासाठी बंदच होता.

जीर्ण पूल वर्षानुवर्षे उभे राहतात ते अभियंत्याने आराखड्यात राखलेल्या सुरक्षा गुणांकामुळे. भारतीय मानक ४५६ नुसार काँक्रीटच्या बांधकामात अपेक्षित भार साधारणतः दीडपट धरला जातो. काँक्रीटची ताकद १.५ ने आणि पोलादाची १.१५ ने भागून हिशेबात घेतली जाते. ही तरतूद मालातील उणीव, कारागिरीतील त्रुटी आणि भाराच्या अंदाजातील चूक यांसाठी असते. देखभालीची टाळाटाळ किंवा ज्यादा वाहतूक खपवून घेण्यासाठी नव्हे.

ही शिल्लक कशी संपते? १६ मिलिमीटर व्यासाची सळी सर्व बाजूंनी केवळ एक मिलिमीटर गंजली, तर व्यास १४ मिलिमीटर उरतो. छेदाचे क्षेत्रफळ मात्र सुमारे २३ टक्क्यांनी घटते. म्हणजे पोलादापुरती राखलेली तरतूद तेवढ्यानेच संपून जाते. पूर्वताणित काँक्रीटमधील तारा तर बारीक आणि सतत ताणलेल्या. तेथे गंज अधिकच घातक. मांडवीवरील पहिला पूल ५ जुलै १९८६ रोजी, उभारणीनंतर दीड दशकाच्या आसपास कोसळला, त्यामागे खाऱ्या हवेत गंजलेले पोलाद हेच प्रमुख कारण मानले जाते. त्यानंतर पणजीकरांना पुन्हा फेरीबोटींवर विसंबावे लागले.

हाच नियम कारखान्यांनाही लागू आहे. १९८४ मध्ये भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यात वायूची टाकी थंड ठेवणारी यंत्रणा बंद होती, तर गळालेला वायू जाळून टाकणारा मनोरा दुरुस्तीसाठी जोडणीतून काढलेला होता. संरक्षणाचे थर कागदावर अनेक होते, प्रत्यक्षात ते एकेक करून गळून पडले होते. भोपाळनजीकचे मंडीदीप असो वा आपले वेर्णे, प्रत्येक औद्योगिक वसाहतीने हा धडा गिरवायला हवा.

त्यामुळे धोकादायक पुलावर केवळ फलक लावून प्रशासनाची जबाबदारी संपत नाही. प्रवेश भिंत घालून रोखावा किंवा पूल पाडावा. संरचनात्मक तपासणीचे अहवाल आणि प्रत्येक पुलाची भारमर्यादा जनतेसमोर यावी. किती गुणांक शिल्लक आहे, हे त्यावरून रोज जाणाऱ्यांना ठाऊक असायलाच हवे.