आफ्रिकेचा पाहुणा बांधावर!

हल्ली ओळखीतलं कुणी ना कुणी केनियाची सफारी करून येतं. सिंह, जिराफ, फोटोंचे ढीग! ऐकताना हेवा वाटतोच. पण मैत्रिणींनो, जूनच्या तोंडावर आफ्रिकेतून समुद्र ओलांडून एक पाहुणा आपल्या कर्जत-खालापुरात येतो. चातक! काळा-पांढरा, डोक्यावर ऐटदार तुरा. मादी अंडी घालते सातभाईंच्या घरट्यात. पिल्लं वाढवायची त्या बिचाऱ्यांनी! त्याला बघायला ना लाखभर रुपये लागतात, ना आठ दिवसांची रजा. सकाळी बांधावर पंधरा मिनिटं थांबा. मात्र फार्महाउससाठी बांधावरची झाडंझुडपंच तोडली, तर सातभाई राहणार कुठे आणि चातक येणार कुणाकडे? जमिनीचा व्यवहार ठरताना घरातल्या बाईने एवढं तरी विचारावंच!